काळ्या वाळूचा हिशोब

गेल्या गुरुवारी दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. सकाळी अकराला एका एजन्सीचा मेल आला, ऑफर लेटरसकट. पद: सीनियर मॅनेजर, सस्टेनेबिलिटी कन्टेन्ट. काम: मोठमोठ्या कंपन्यांचे 'आम्ही पर्यावरणासाठी काय काय करतो' छापाचे वार्षिक अहवाल लिहिणे. पॅकेज असं, की फ्रीलान्सर माणसाने मेल तीनदा वाचावा आणि मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचावा. उत्तर सोमवारपर्यंत.

आणि रात्री साडेनऊला मैत्रिणीचा फोन. कोल्हापूरहून.

"झोपलीस काय? एक फॉर्म आलाय बघ. 18 पानं आहेत. स्कोप वन, स्कोप टू असलं काय काय विचारालेत. तुला असलं कळतंय न्हवं? मला मराठीत सांग."

फॉर्म तिच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरकडून आला होता. सगळ्या व्हेंडर्सना. तिची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. म्हणजे वडिलांची आहे, आणि आता तिचीही आहे की नाही, हाच घरातला सध्याचा वाद.

येते म्हटलं. "ये की, मी येतो स्टँडवर न्यायला." पुण्यात सहा वर्षं काढून माझं 'मी येते' पक्कं झालंय. तिने पुण्यातच पाच वर्षं आयटीत काढली, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवलं, पण तिचं 'मी येतो' हललेलं नाही. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात. पुण्यातल्या रूममेट्स हसायच्या. ती म्हणायची, "हसा."

आता 'पंचतारांकित' या शब्दाविषयी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वाटलं होतं, की गेटवर पगडीवाला दरवान असेल. तसं काही नाही. राज्यात ज्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत रस्ते, पाणी, वीज वगैरे वरच्या दर्जाचं द्यायचं ठरलं, त्यांना हे नाव मिळालं. त्यातलीच ही कागल-हातकणंगले वसाहत, दोन तालुक्यांत पसरलेली. कोल्हापुरातून बेळगावच्या दिशेने हायवेला लागलात की गोकुळ शिरगाव मागे पडतं, लक्ष्मी टेकडी येते आणि डाव्या हाताला मोठाले प्लॉट सुरू होतात. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना इथे आहे, रेमंडचं शर्टिंगचं कापड इथे विणलं जातं, इंडो काउंटच्या अमेरिकेला जाणाऱ्या चादरी इथल्या. या मोठ्या नावांच्या मागच्या रस्त्यांवर मैत्रिणीसारख्यांच्या शेड. आणखी थोडं पुढे गेलं की कर्नाटक. विजेच्या दरावरून इथला कुठलाही कारखानदार चिडला की आधी त्याच दिशेला हात करतो.

शुक्रवारी दुपारी तिच्या शेडमध्ये पोचले तेव्हा भट्टी चालू होती. ज्यांनी ओतकाम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून ती दाबतात, पॅटर्नने तिच्यात आकार उठवतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड थंड झालं की साचा फोडायचा, जॉब बाहेर काढायचा, वाळू पुन्हा वापरायची. ही वाळू नदीच्या वाळूसारखी दिसत नाही. काळीकुट्ट असते. एक टन माल काढायचा तर चार-पाच टन वाळू फिरवावी लागते. बहुतेक परत साच्यात जाते. पण प्रत्येक फेरीत थोडी निकामी होते, ती बाहेर काढून नवीन घालावी लागते. बाहेर काढलेली कुठे जाते?

शेडच्या मागे. मी पाहिली. माझ्या उंचीच्या दीडपट ढीग.

ऑफिस म्हणजे एसी नसलेली केबिन, पत्र्याचं कपाट आणि टेबलावर तिचा जुना लॅपटॉप. कोपऱ्यात अजून आयटी कंपनीचा स्टिकर. बसलो फॉर्म घेऊन. मास कॉमच्या डिग्रीचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं, पण एजन्सीच्या इंटरव्ह्यूसाठी मी हे सगळं घोकलेलंच होतं.

तर, स्कोप वन म्हणजे तुम्ही स्वतः जे इंधन जाळता त्याचा धूर. तिच्याकडे जनरेटरचं डिझेल. एक लिटर जाळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. स्कोप टू म्हणजे विकत घेतलेली वीज. इथे खरा खेळ आहे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला 600 च्या आसपास युनिट लागतात. माझ्या वन-बीएचकेचं महिन्याचं बिल सव्वाशे युनिटचं येतं, म्हणजे माझी जवळजवळ पाच महिन्यांची वीज एका टनात. देशातल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. झाले टनाला सव्वाचारशे किलो.

"आणि स्कोप थ्री?"

"दुसऱ्यांनी तुझ्यासाठी काढलेला धूर. तुझा वन आणि टू, तो तुझ्या कस्टमरचा थ्री."

ती थोडा वेळ गप्प. "म्हणजे माझा धूर त्यांच्या पुस्तकात छापणार."

बरोब्बर. आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या खुर्चीची ऑफर माझ्या मेलबॉक्समध्ये पडली होती. हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

हे फॉर्म अचानक का सुटलेत? सेबीने 2021 मध्ये एक नवा अहवाल आणला, बीआरएसआर, आणि 2022-23 पासून बाजारमूल्यात वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा केला. कंपनी मोठी झाली तरी तिचे नट-बोल्ट दुसरीकडेच बनतात, त्यामुळे चौकशी खाली पुरवठादारांकडे येणार हे ओघाने आलं. दुसरीकडे युरोपियन युनियनने आयात होणाऱ्या लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंटसारख्या मालावर सीमेवर कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली. 2023 च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती घेत होते, 1 जानेवारी 2026 पासून नियम पूर्णपणे लागू झाला. मैत्रीण काही युरोपला माल पाठवत नाही. पण तिचा माल ज्याच्याकडे जातो, त्याच्या गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक पाठवत असेल, आणि प्रश्न अशाच साखळीने उतरत कागलपर्यंत येतो.

फॉर्ममध्ये मागच्या तीन वर्षांचे आकडे हवे होते. मला वाटलं, संपलं. इतक्या छोट्या युनिटकडे कुठून असणार? ती उठली आणि पत्र्याच्या कपाटातून वह्या काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दुकानदार वापरतात तशा. काकांच्या अक्षरात प्रत्येक हीटची नोंद. तारीख, स्क्रॅप किती किलो, पिग आयर्न किती, मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर, जॉब किती ओतले, रिजेक्ट किती. काका आयटीआय केलेले. शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्याच्या शेडमध्ये मोल्डर म्हणून सुरुवात, मग भागीत एक लेथ, आणि वीसेक वर्षांपूर्वी इथला प्लॉट. वही त्यांनी कुठल्या सेबीसाठी ठेवली नव्हती. लाईट बिल का वाढलं हे बघायला ठेवली होती.

आम्ही दोघी त्या वह्यांवरून आकडे टाकत बसलो आणि मला एक गोष्ट दिसली. ज्या महिन्यांत रिजेक्शन जास्त, त्या महिन्यांत चांगल्या मालाच्या टनामागे वीज जास्त. उघड आहे म्हणा. समजा शंभरातले आठ जॉब फुकट गेले, तर ते पुन्हा भट्टीत जाणार आणि तेवढं लोखंड दुसऱ्यांदा वितळणार. आठ जॉबची वीज, वाळू, मजुरी सगळी मातीत. म्हणजे फाउंड्रीतला पहिला हिरवा उपाय सोलर पॅनेल नाही, सर्टिफिकेट नाही. साचा नीट भरणे आणि वाळूची ओल तपासणे, हा आहे. तिने परत आल्यावर पहिलं काम तेच केलं होतं. रोज सकाळी वाळूचं टेस्टिंग. काकांना वाटायचं, पोरगी वाळूशी खेळतीय.

ती परत कशी आली, हेही सांगायला हवं. आमच्या या पानांवर 'लठ्ठ पगाराची नोकरी सोडून...' ने सुरू होणाऱ्या गोष्टी बऱ्याच येतात. मीही लिहिल्यात. त्यांत हिरो एका सकाळी राजीनामा देतो आणि दोन परिच्छेदांनी यशस्वी होतो. हिने तसं काही केलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती घरी आली, वर्क फ्रॉम होम करत. सकाळी नऊपर्यंत शेडमध्ये, मग लॅपटॉप, रात्री पुन्हा वह्या. तीन वर्षं. पगार चालू होता, त्यातून वाळू तपासायची उपकरणं घेतली. 2023 मध्ये कंपनीने ऑफिसला परत बोलावलं, तेव्हाच प्रश्न आला आणि तेव्हाच तिने राजीनामा दिला. तोवर तिला माहीत झालं होतं, की उन्हाळ्यात भट्टीपाशी आपण टिकतो.

गंमत म्हणजे मॅनेजमेंटच्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलंय. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या लोकांचा अनेक वर्षांचा डेटा तपासला. नोकरी टिकवून बाजूला धंदा सुरू केलेले आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेले, विरुद्ध एकदम उडी मारलेले. पहिल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशने कमी निघाली. अमेरिकेतला आकडा कागलला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही, इथे वडिलांची शेड आहे आणि वडिलांचं कर्जही आहे. पण दिशा पटते. हर्मिनिया इबारा या प्राध्यापिकेने 2003 मध्ये 'वर्किंग आयडेंटिटी' नावाचं पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, की आपण आधी 'मला खरं काय आवडतं' हे शोधत बसतो आणि मग करिअर बदलायला जातो, आणि हा क्रमच उलटा आहे. आधी थोडं करून बघायचं, त्यातून कळतं आपण कोण. हे वाचलं तेव्हा मी सोफ्यावर लोळत 'मला खरं काय आवडतं' याची यादी करत होते.

मग उद्योजकता शिकवता येते का? कोल्हापुरात मॅनेजमेंटचं शिक्षण काही नवं नाही. सायबर 1976 पासून आहे (बाहेरच्यांसाठी: हा सायबर कॅफे नाही, छत्रपती शाहूंच्या नावाची मॅनेजमेंट संस्था आहे, चौकालाही तेच नाव पडलंय). राज्य सरकारचं उद्योजकता विकास केंद्रही 1988 पासून तरुणांना ट्रेनिंग देतंय. पण नेदरलँड्समध्ये 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने भल्याभल्यांना अडचणीत टाकलं. कॉलेजातल्या मुलांना वर्षभर मिनी कंपनी चालवायला दिली. शेवटी मोजलं तर कौशल्यात फारसा फरक नाही, आणि धंदा करायची इच्छा उलट कमी झालेली! संशोधकांचा अंदाज, की मुलांना वास्तव कळलं. मला हा निकाल आवडतो. वर्गात बसून कुणाला कळलं की हे आपल्यासाठी नाही, तर फी वसूल.

दुसरी एक बाई आहे, सारस सरस्वती, भारतीय वंशाची, अमेरिकेत शिकवते. तिने 27 मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा देऊन मोठ्याने विचार करायला लावला. तिला दिसलं, की ही माणसं आधी ध्येय ठरवून मग साधनं गोळा करत नाहीत. घरात काय आहे, ओळखीचं कोण आहे, किती बुडालं तर चालेल, इथून सुरू करतात. ती स्वयंपाकाचं उदाहरण देते. एक जण मेनू ठरवून बाजारात जातो, दुसरा डबे उघडून बघतो आणि त्यातून जेवण करतो. 2001 मध्ये तिचा निबंध आला आणि आता जगभरच्या बी-स्कूलमध्ये तो शिकवतात.

कोल्हापूरला हे सांगायला कुणी अमेरिकेहून यावं लागेल असं वाटत नाही. बाबुराव पेंटर आणि त्यांचे शिष्य दामले यांनी 1918 च्या सुमारास इथे सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे हे लोक! आणि उद्यमनगर काय वेगळं आहे? ऊस गाळायचे चरक, मग पाणी उपसायची ऑइल इंजिनं, ती दुरुस्त करता करता बनवायला शिकलेले मेस्त्री. पुढे गावोगाव वीज गेली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनाची मागणी ओसरली. तेव्हा हे शहर बसून राहिलं नाही. त्याच भट्ट्यांत गाड्यांचे, ट्रॅक्टरचे पार्ट ओतायला लागलं. अख्ख्या शहराने करिअर बदललं, भट्टी न विझवता.

आता तेच पुन्हा समोर आलंय. ई-वाहनाला ब्रेक ड्रम लागतो, हब लागतो. सिलिंडर हेड लागत नाही. काकांच्या ऑर्डरबुकात डिझेल इंजिनाचे पार्ट जास्त. ट्रॅक्टर आणि जनरेटर अजून आहेत, एका रात्रीत काही जाणार नाही. पण कस्टमरने यावर्षी एका जॉबची ऑर्डर निम्मी केली.

दुपारी डबा खाताना हा विषय निघालाच. भाकरी, वांगं, खर्डा, आणि काका. "बाळ, तू तिची मैत्रीण म्हणून सांगतो. शेजारचा प्लॉट मागालाय. भाव बरा आहे. विकतो, कर्ज फेडतो, ही जाईल परत पुण्याला. माझं वय झालं. हिने वाळू भाजायचं मशीन काढायचं म्हटलंय, अजून कर्ज."

वाळू भाजायचं मशीन म्हणजे वापरलेली वाळू घासून, तापवून पुन्हा नवीसारखी करणारा प्लांट. मागचा ढीग कमी होईल, नव्या वाळूचा खर्च वाचेल. हिशोब तिने एक्सेलमध्ये काढलेला. पण हिशोब जमायला टनेज लागतं, आणि ऑर्डर तर कमी झालेली. चार-पाच शेडनी मिळून घेतलं तर जमेल, म्हणून ती दारोदार फिरतीय. दोघे तयार आहेत. एक म्हणतो, आधी तू घाल. एकाला वाटतं बाईमाणूस, किती दिवस टिकणार.

"पप्पा, प्लॉट विकला तरी तो ढीग विकला जाणार न्हाई," एवढंच ती म्हणाली.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न कचऱ्याचा होता. वापरलेली वाळू वर्षाला किती टन, आणि तिची विल्हेवाट कशी. पर्याय चार: रीसायकल, दुसऱ्या उद्योगाला दिली, अधिकृत ठिकाणी टाकली, इतर. खरं उत्तर असं होतं, की ट्रॉलीवाला येतो, कुणाच्या तरी प्लॉटवर भराव घालतो, कधी पैसे देऊन नेतो, कधी घेऊन. वजन कुणी करत नाही. वहीत सगळं होतं, फक्त वाळूच्या ट्रॉल्या नव्हत्या. जे विकत घेतलं ते काकांनी लिहिलं, जे फेकलं ते लिहायचं त्यांना कधी सुचलं नाही.

काका म्हणाले, "रीसायकल लिही. सगळे तेच लिहितात."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू सांग. तिकडं वाचणारा काय करतो? खरं लिहिलं तर ऑर्डर काढून घेईल काय?"

मग मी ऑफरचं सांगितलं. इंटरव्ह्यूत मला सांगण्यात आलं होतं, की टोन पॉझिटिव्ह ठेवायचा, 'इतर' या रकान्यातल्या गोष्टी परिशिष्टात जातात. काढून घेत नाहीत बहुधा, मी म्हटलं. बहुधा वाचतच नाहीत. बेरीज करतात.

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. "मग तू वाचशील की न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. अजूनही पूर्ण नाहीये. फ्रीलान्सचे चेक तीन-तीन महिने येत नाहीत, पुण्यात भाडं दर एक तारखेला द्यावं लागतं, आणि हे सगळं तिला माहीत आहे, म्हणून तिने पुढे काही विचारलं नाही.

तिने 'इतर' वर टिक केलं. खाली दोन ओळी लिहिल्या. 'भराव म्हणून दिली जाते. आजवर वजन केलेलं नाही, या महिन्यापासून करत आहोत. पाच युनिट मिळून रिक्लेमेशन प्लांटचा प्रयत्न चालू आहे.' पाच नाही, तीनच आहेत की, मी म्हटलं. तिने खोडून तीन केलं. काका उठून भट्टीकडे गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, वजनकाट्यावाला ओळखीचा आहे, त्याला फोन लावतो.

फॉर्म शनिवारी संध्याकाळी गेला. मी रविवारी रात्रीची बस पकडली आणि सीटवर बसूनच एजन्सीला मेल लिहिला. आठवड्याला तीन दिवस येईन, चौथा-पाचवा माझ्या लिखाणाला, आणि व्हेंडर्सचे फॉर्म ज्यात येतात ते काम मला द्या. पॅकेज त्या हिशोबाने कमी करा. दोनदा खोडलं, कऱ्हाड येईपर्यंत पाठवलं. हा कॉलम देईपर्यंत उत्तर आलेलं नाही. तिच्या कस्टमरकडूनही नाही.

सोमवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर तिने एक फोटो पाठवला. लाल वहीचं पान, काकांचं अक्षर, रिजेक्शनच्या शेजारी पट्टीने आखलेला नवा रकाना. वर लिहिलंय 'वाळू बाहेर'. खाली पहिली नोंद: ट्रॉल्या 2, वजन केले.